एकेकाचा होकार

पाव्हणं, आधी मला एक सांगा. पाच माणसं एकच गोष्ट ठासून सांगतायत आणि सहावा नुसता गप्प उभा आहे. भरवसा कुणावर ठेवाल?

पाचांवरच ठेवाल. मीही ठेवायचो. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं हळदीच्या बाजारानं शिकवलं आणि फीसुद्धा दणकून घेतली. एका साली तीन दलालांनी तीन वेगळ्या दिवशी मला एकच बातमी दिली, की खालच्या अंगाला हळद सडली, आता भाव चढणार. तीन तोंडं आणि बोली एक, म्हटल्यावर मी डोळे झाकून कोठार भरलं. हळद कुठंच सडली नव्हती. मागाहून कळलं, तिघंही दाढीला एकाच सलूनमध्ये बसायचे आणि बातमी त्या सलूनवाल्याची होती. त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणतो, "सगळेच म्हणत होते की!"

असो. जरा इकडं सरकून उभे राहा, त्या धोंड्यावर पाय नको. जात्याच्या पाळीसारखा दिसतो ना? आमच्या पेवठाणात कृष्णेच्या काठाला पूर्वी सदतीस पेवं होती असं सांगतात. पुरात बुजत बुजत हे एक राहिलं, आणि त्याच्या तोंडावर हा धोंडा. याला शेंदूर नाही, याच्यापुढं नारळ फुटत नाही. पण मधोमध बघा, दगड कसा गुळगुळीत होऊन खोलगट झालाय. तो पाण्यानं झिजलेला नाही, माणसांच्या तळव्यांनी झिजलाय. याला निलव्वाचा धोंडा म्हणतात.

पेव म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. जमिनीत माठाच्या आकाराचा खड्डा घ्यायचा. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. आतून कडब्याचं अस्तर, त्यात धान्य, वर धोंडा आणि धोंड्यावर माती. धान्य वर्षानुवर्षं टिकतं. फक्त एक गोष्ट आहे. कोंडलेल्या पेवातली हवा मेलेली असते. ती दिसत नाही आणि धड वासही देत नाही. म्हणून जुनी रीत अशी, की पेव आज उघडायचं आणि उद्या उतरायचं. उतरण्याआधी दोरीला बांधून दिवा आत सोडायचा. दिवा तळापर्यंत जळत गेला तर माणूस जाणार, विझला तर नाही. "आधी पेवाला श्वास घेऊ द्या, मग तुम्ही घ्या," असं म्हणायचे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नीट ध्यानात घ्या, सगळ्यांना ठाऊक होतं.

तर गोष्ट पेंढाऱ्यांच्या धामधुमीच्या काळातली आहे म्हणे. पावसानं पाठ फिरवल्याचं तिसरं वर्ष. घरोघरची पेवं रिकामी झालेली. हे एकच भरलेलं होतं, गावपेव. सुकाळात प्रत्येक घरानं यात आपल्या वाट्याचे जोंधळे ओतायचे आणि अगदी प्राणाशी आलं तरच उघडायचं, असा ठराव होता. पेवाची राखण सिद्राम नावाच्या माणसाकडं. उतरण्याचा मान त्याच्या घराण्याचा आणि वरून दिवा सोडायचं काम त्याच्या बायकोचं. तीच ही निलव्वा.

त्या सकाळी निलव्वा प्यायच्या पाण्यासाठी नदीच्या आटलेल्या पात्रात झिरा उकरत बसली होती; खालच्या डोहात होडीपुरतं पाणी उरलं होतं, तेही गढूळ. पाणी वाटीवाटीनं भरत होतं. कडेवर तीन वर्षांची लेक काशी, आईच्या पदराचं टोक चघळत. वैशाखाचं ऊन चढत होतं आणि हवा अशी पडलेली की पिंपळाचं पानसुद्धा हलेना. इतक्यात काठावरून बायका पळत आल्या. "पेंढारी आले! पल्याडच्या गावात उतरले! घोडी बघितली म्हणं!" कुणी बघितली, हे विचारायची उसंत कुणाला नव्हती. निलव्वाही भरत आलेली घागर तशीच टाकून धावली.

पिंपळाखाली गाव जमला होता. जमला म्हणजे बसला नव्हता. जो तो येरझाऱ्या घालत होता, दर घटकेला कुणीतरी नदीकडं बघून यायचं. रामाण्णा पाटील मधे उभा. माणूस वाईट नव्हता. त्याला गर्व एकाच गोष्टीचा, की माझ्या गावाला माणसं तीनशे पण तोंड एक. आसपासची गावं बांधाबांधावरून भांडायची, तेव्हा हा मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "आमच्यात दुसरा शब्दच निघत न्हाई."

"ऐका," पाटील म्हणाला. "ते पेंढारी हायेत. जमिनीवर पाणी ओतून, कुठं झटकन मुरतंय त्ये बघून पेव हुडकत्यात. उद्या सकाळपातूर हितं येतील. तवा गावपेव आत्ताच्या आत्ता उघडायचं. दिवस मावळायच्या आत सगळे जोंधळे होडीनं डोहातल्या बेटावर पोचवायचे. कबूल?"

"व्हय!"

असा एकदम आवाज उठला म्हणे, की पिंपळावरचे कावळे उडाले. त्यात निलव्वाचाही आवाज होता. तो आपल्याच घशातून निघाला, हे तिला नंतर कळलं. जोंधळे म्हणजे भाकरी आणि भाकरी म्हणजे काशी, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

एक माणूस तेवढा बोलला नव्हता. सिद्राम. त्यानं मान वळवून बायकोकडं पाहिलं. त्या नजरेत काय आहे ते तिनं ओळखलं. दिव्याचं काय? उद्याचं काय? दिवा तिच्या हातातला, तेव्हा बोलायचं तर तिनंच, असं त्याला वाटत असावं. आणि तिला वाटलं, उतरणारा हा, याच्यापेक्षा जास्त कुणाला कळतंय? हा बोलेल. निलव्वानं नजर खाली घेतली. दोघं एकमेकांच्या भरवशावर गप्प राहिली.

आपल्या बोलीत बघा, माणसं जुळली की किती शब्द आहेत. एकमत, एकजूट, एकदिल, एकमुख. वाईटाला जुळली तर संगनमत. आणि एकटा बाजूला उभा राहणाऱ्याला काय म्हणतो आपण? आडमुठा. फार तर विघ्नसंतोषी. असलं नाव अंगाला चिकटवून घ्यायला कोण पुढं येणार?

धोंडा सरकवला. आतून कोमट, आंबूस वाफ वर आली. उतरताना सिद्राम एरवी कमरेला दोर बांधायचा, पण माणूस पेलतील असे गावातले सगळे दोर नागू नावाड्यानं पोती आवळायला होडीवर नेले होते. सिद्राम पेवाच्या तोंडाशी उभा राहिला.

"जरा दमानं घिऊया का?" तो हळूच म्हणाला.

"दम घेत बस लेका," मागून कुणीतरी ओरडलं. "पेंढारी आले की त्यांनाबी म्हण, जरा दमानं घ्या!"

सगळे हसले, सिद्रामही हसला. तोंडाच्या कडेला हात टेकून तो आत उतरला. "टोपली सोडा," असा आवाज आला. टोपली सोडली. मग "थांबा, जरा…" एवढंच ऐकू आलं, आणि धान्यावर काहीतरी मऊ पडल्याचा आवाज.

"सिद्राम! ए सिद्राम!"

त्याचा धाकटा भाऊ मल्लाप्पा पागोटं फेकून पुढं धावला. आणि गाव पुन्हा एका तोंडानं ओरडला, "उतर मल्लाप्पा! उतर! काढ त्याला!"

मल्लाप्पाचा पाय पेवात पडायच्या आत निलव्वा त्या तोंडावर बसली. काशीला शेजारणीच्या अंगावर टाकलं, दोन्ही पाय आत सोडले आणि दोन्ही तळवे दोन बाजूंना रोवले.

"वैनी, सरा!"

"न्हाई."

"अवं दादा हाय आत!"

"तुमचा दादा हाय, माझा नवरा हाय. कोन हाय त्ये मला सांगू नगा, भावजी. न्हाई."

"अगं सटवे, नवऱ्याला मारायला बसलीस व्हय?" म्हातारी गंगव्वा छाती बडवत म्हणाली. कुणी तिचा दंड धरला, कुणी पदर ओढला. पाटील गरजला, "निलव्वा, सारा गाव एक बोलतोय, तू एकली आडवी हुतीस?"

"हुते," ती म्हणाली. "दिवा आना."

जिचं माणूस आत पडलंय तीच उतरू देत नाही म्हटल्यावर लोक चरकले. कुणीतरी दिवा आणला. तिनं बाजूला होऊन तो दोरीनं आत सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. कुणी फुंकर मारावी तसा. तिनं वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. तिसऱ्यांदा तेच. मल्लाप्पा पेवापासून दोन पावलं मागं सरकला. आपला पाय कुठं पडणार होता ते त्याला आता कळलं.

"घोंगड्या आना," निलव्वा म्हणाली. "पाणी आना. नागूला दोर घिऊन बलवा."

घोंगडीचे चार कोपरे चौघांनी धरून पेवाच्या तोंडावर वर-खाली मारायचे, म्हणजे आतली हवा हलते. पण चौघं घाबरलेले. एकाचा हात वर जाई तेव्हा दुसऱ्याचा खाली. घोंगडी नुसती गुरफटायची. मग निलव्वा ताल द्यायला लागली. "वर… खाली… वर… खाली…" हळूहळू चार हात जुळले. चौघं दमले की दुसरे चौघं. बायकांनी झिऱ्यातून वाटीवाटीनं भरलेलं प्यायचं पाणी पेवात शिंपडलं, म्हणजे खालची हवा बसते. सकाळपासून पहिल्यांदाच गाव खरोखरीच एकत्र काहीतरी करत होता, आणि कुणी ओरडत नव्हतं.

निलव्वाचं काय होत असेल, त्याचा विचार करा. ताल तिचाच, आणि प्रत्येक तालाबरोबर आतला माणूस लांब जातोय. दर थोड्या वेळानं ती दिवा सोडायची. दोन हातांवर विझला. पुढच्या खेपेला तीन हातांवर. मल्लाप्पा तिच्या तोंडाकडं बघत कमरेला दोर बांधून उभा. दोनदा तिचं तोंड उघडलं, "जावा भावजी," म्हणायला. दोन्ही वेळा तिनं ते मिटलं आणि पुन्हा "वर… खाली…" सुरू केलं. ऊन कलंडलं, सावल्या नदीकडं लांबल्या, तेव्हा कुठं दिवा तळाला टेकला आणि जळत राहिला. त्या उजेडात तिला सिद्रामचा हात दिसला, पालथा, जोंधळ्यावर पसरलेला.

"आता जावा," ती म्हणाली.

मल्लाप्पा उतरला आणि धडधाकट वर आला. सिद्रामला वर आणलं. काही सांगणारे सांगतात, तोंडावर पाणी मारल्यावर सिद्राम उठून बसला. पाव्हणं, मी तसं सांगणार नाही. तो गेला होता. तो उठला असता तर गावानं पेढे वाटले असते आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरला असता. गावं आनंदातून रीत शिकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेंढारी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी निलव्वा सुतकातच घराबाहेर पडली. बायका "अगं बस, बस" करत मागं आल्या, पण तिला बसवेना. चार दिवस ती उंबऱ्यापासून परड्यापर्यंत फेऱ्या घालत होती. दारोदार जाऊन तिनं एकच विचारलं, "घोडी कुनी बघितली?" गंगव्वानं सांगितलं, मला कोळणीनं सांगितलं. कोळीण म्हणाली, मला परटानं. परीट म्हणाला, नागू नावाड्यानं. नागू म्हणाला, "म्या घोडी न्हाई बघितली, वैनी. पल्याड धुरळा बघितला. म्हटलं, पेंढारी तर नसतील? एवढंच म्हटलं." तो धुरळा एका धनगराच्या मेंढरांचा होता म्हणे.

मग तिनं दुसऱ्यांदा दारं पालथी घातली. या वेळी विचारलं, "पेव उघडून रातभर ठेवत्यात, ठावं हुतं तुला?"

"हुतं."

"मग?"

"म्हटलं, दुसरं कुनीतरी बोलंल."

पहिल्या घरात हे. दुसऱ्या घरात हे. शेवटच्या घरातही हेच. त्या दिवशी पिंपळाखाली एकही माणूस मनापासून होकार देत नव्हता. प्रत्येकाच्या पोटात 'नाही' होतं, आणि सगळ्यांचं मिळून झालं 'हो'.

तेराव्याला गाव या धोंड्याभोवती जमला. धान्य अजून आतच होतं, कुणाला हात लावायचा धीर नव्हता. गावाला आता एक माणूस हवा होता, ज्याच्या माथी हे मारून घरी जाता येईल. पाटील उठला.

"ज्यानं खोटी आवई उठवली त्यानंच आपला सिद्राम खाल्ला. नागूला गावाभाईर काढायचा. कबूल?"

"व्ह…"

"थांबा."

निलव्वा उठली होती. ती चालत आली आणि धोंड्यावर मधोमध हात ठेवला.

"मी निलव्वा. सिद्रामची बायकू. दिवा सोडायचं काम माझं. पेव रातभर उघडं ठेवायचं, मला ठावं हुतं. मी व्हय म्हनले." मग गावाकडं वळून ती म्हणाली, "आता एकेकानं या. हात ठिवा, आपलं नाव सांगा, आनि काय ठावं हुतं ते सांगा. समद्यांनी मिळून बोलायचं न्हाई. समदी बोलली म्हंजी कुनीच बोललं न्हाई."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली, की आधी कोण. मग मल्लाप्पा आला. मग गंगव्वा काठी टेकत आली; हात ठेवला आणि "तुला सटवी म्हनले गं," म्हणून तिथंच बसली. नागू आला तो रडतच. 'जरा दमानं घ्या' म्हणून ओरडणारा कोण होता ते तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं त्यानंच येऊन सांगितलं. दिवस कलला. सगळ्यांत शेवटी पाटील उरला.

त्यानं पागोटं काढून काखेत धरलं आणि हात ठेवला.

"मी रामाण्णा. मलाबी ठावं हुतं. आनि मी इचारलंच असं, की न्हाई म्हनाया जागाच ठेवली न्हाई."

मग नागूचा प्रश्न एकेकाला पुन्हा विचारला. त्याला गावाबाहेर काढा, असं म्हणणारा एकही हात धोंड्यावर पडला नाही. दुसऱ्या दिवशी दिवा सोडून, रीतसर धान्य काढलं. ते जोंधळे गावानं खाल्ले. गळ्याखाली उतरत नव्हते, तरी खाल्ले, आणि पावसापर्यंत गाव जगला. पिंपळाखाली पुन्हा कधी चावडी भरली नाही. गावाचा निर्णय या धोंड्याशी घ्यायचा आणि एकदम होकार द्यायचा नाही, असं तेव्हा ठरलं. तेही एकेकाला विचारूनच.

आजही आमच्या गावात टाळ्या वाजवून ठराव होत नाही. देवळाचा रंग असो, नळाची पाळी असो, की जत्रेतला तमाशा असो, माणूस येतो, इथं तळवा टेकतो, नाव सांगतो, मत सांगतो. अठरा वर्षांच्या पोरीचंही आणि नव्वदीच्या म्हाताऱ्याचंही. मागं एक सरकारी साहेब योजना घेऊन आले होते. भाषण झाल्यावर म्हणाले, "मग सर्वांची संमती आहे असं समजू?" कुणीच काही बोललं नाही. साहेबांनी खुशीत कागद पुढं केला. तेव्हा आमच्या म्हाताऱ्या सरपंचबाई म्हणाल्या, "साहेब, समजू नका. बसा. च्या घ्या. अजून दोनशे बारा माणसं यायचीत." संध्याकाळपर्यंत साहेबांचे सात चहा झाले. अठ्ठावीस जण नाही म्हणाले, आणि त्या अठ्ठावीस जणांनी सांगितलेल्या दोन चुका साहेबांनी जाताना आपल्या कागदावर दुरुस्त केल्या.

वेळ फार जातो, हे खरं. जावयांना कंटाळा येतो. पण एक सांगतो. मीही धंद्यातले एवढे सौदे केले, एवढ्या माणसांना शब्द दिला, तरी इथं हात टेकून स्वतःचं नाव घेण्याआधी मत दोनदा तपासून बघतो. चारचौघांच्या आवाजात मिसळलेला होकार फार स्वस्त असतो हो. एकट्याचा महाग पडतो.

आता तुम्ही निघाल. घरी, कचेरीत, सोसायटीत, जिथं कुठं चार डोकी बसतील तिथं माझं एक मागणं ध्यानात ठेवा. सगळे एकदम हो म्हणाले की लगेच वही मिटू नका. जो हो म्हणाला त्याचा होकार त्याच्या नावावर लिहा, जो नाही म्हणाला त्याचा नकार त्याच्या नावावर. आणि जो गप्प राहिला त्याच्यापुढची जागा कोरीच ठेवा. ती भरायचा मोह फार होतो, बेरीज छान दिसते. पण जे आलंच नाही ते जमेला धरू नका, पाव्हणं. उठा, त्याच्यापाशी जा, आणि त्याला विचारा. एवढा हिशेब तेवढा चोख ठेवा.